नवी मुंबईतून धावणारा प्रकाश आणि त्यातला आपला वाटा

५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने तळोजा येथील एका चिप कारखान्याला मंजुरी दिली. इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूह मिळून तो उभारणार होते. पहिल्या टप्प्यात ५८,७६३ कोटी, दुसऱ्या टप्प्यात २५,१८४ कोटी, अशी एकूण ८३,९४७ कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर झाली. पहिल्या टप्प्यात महिन्याला ४० हजार वेफर आणि पुढे ८० हजार, हजारो नोकऱ्या, असे आकडे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले. त्याच महिन्यात महापे येथे चिपचे पॅकेजिंग व चाचणी करणाऱ्या आरआरपी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पाचे उद्घाटन तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. पनवेल, कामोठे, घणसोली, तुर्भे इथल्या आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या मुलामुलींच्या मोबाईलवर या बातम्या फिरल्या. "आता इथेच नोकरी" असे अनेकांना वाटले.

पुढे काय झाले? २०२५ च्या पूर्वार्धात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने सूत्रांच्या हवाल्याने बातमी दिली, की अदानी समूहाने टॉवरबरोबरची बोलणी थांबवली आहेत. व्यवसायाच्या दृष्टीने हिशेब जुळत नाही, असे कारण त्यात सांगितले होते. घोषणेला जेवढी जागा मिळाली त्याच्या दहाव्या हिश्शाने ही बातमी कोणी छापली नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणता म्हणता सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला. त्यावरून इथे मोठे राजकारण झाले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले आणि तो गुजरातमध्येही झाला नाही. प्रकल्प कोणी पळवला यावर आपण वर्षभर भांडलो. तो प्रकल्प नेमके काय बनवणार होता, त्यासाठी लागणारे शिक्षण कोणाला मिळाले आहे आणि त्याचा धोका कोण सोसणार आहे, यावर मात्र फार थोडे बोललो. पुढची घोषणा येईल तेव्हा हीच चूक परत होऊ नये, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेतला पाहिजे.

आपल्या पायाखालून काय जाते?

ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांचा होता. आज तिथे मोठमोठ्या, खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात. त्या डेटा सेंटर आहेत. पनवेलजवळ २०२० साली योट्टाचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. घणसोलीत रिलायन्सचे कॉर्पोरेट पार्क आहे, जिथून जिओचा कारभार चालतो. मुंबईच्या किनाऱ्यावर वर्सोव्याला समुद्राखालून आलेल्या आंतरराष्ट्रीय केबल जमिनीवर चढतात. युरोप, आखात, सिंगापूरकडून येणारी माहिती या केबलमधून येते आणि तिचा मोठा भाग नवी मुंबईतल्या या इमारतींकडे वळतो. आपण फोनवर व्हिडिओ उघडतो, यूपीआयने पैसे देतो, परीक्षेचा निकाल बघतो, तेव्हा ती माहिती बहुतेक वेळा इथूनच जाते.

ही माहिती तारेतून वीज बनून जात नाही. ती प्रकाश बनून जाते. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, लेझरचे किरण सेकंदाला अब्जावधी वेळा लुकलुकतात आणि त्या लुकलुकण्यातच आपला मजकूर दडलेला असतो. ही काच इतकी शुद्ध असते, की साधारण १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. सरळ रेषेत मोजले तर हे जवळपास ऐरोलीहून बेलापूरपर्यंतचे अंतर झाले. मात्र हे सगळ्या प्रकाशाला लागू नाही. काचेतून सर्वांत कमी घट होते ती १.५५ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त प्रकाशाची. तो डोळ्यांना दिसत नाही.

फोनपासून मोबाईल टॉवरपर्यंतचे काम रेडिओ लहरी करतात. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात पहिल्यांदाच २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. तो लिलाव १ ऑगस्ट २०२२ रोजी संपला, तेव्हा सरकारच्या पदरात एकूण दीड लाख कोटी रुपयांच्या बोली पडल्या होत्या आणि त्यातल्या ८८ हजार कोटींच्या बोली एकट्या जिओच्या होत्या. २६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २६ अब्ज कंपने. एवढ्या वेगाने थरथरणारी लहर निर्माण करणे, ताकद देऊन दूर फेकणे आणि क्षीण झालेली परत पकडणे, यासाठी खास चिप लागते.

सिलिकॉन कुठे कमी पडते?

आपण चिप म्हटले की सिलिकॉन डोळ्यासमोर येते. संगणकाचा मेंदू सिलिकॉनचाच असतो. सिलिकॉन मुबलक आहे, स्वस्त आहे आणि त्यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत अफाट काम झाले आहे. पण त्याचा एक मोठा दोष आहे. ते नीट उजळत नाही. विजेने चेतवलेला इलेक्ट्रॉन सिलिकॉनमध्ये खाली येतो तेव्हा त्याची ऊर्जा बहुतेक उष्णतेत वाया जाते. गॅलियम आर्सेनाइड किंवा इंडियम फॉस्फाइड या पदार्थांत मात्र ती प्रकाश बनून बाहेर पडते. म्हणून लेझर बनवायचा तर सिलिकॉन उपयोगी पडत नाही.

हे पदार्थ दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या संयोगातून बनतात, म्हणून त्यांना कंपाउंड सेमीकंडक्टर, मराठीत संयुग अर्धवाहक म्हणतात. त्यातल्या तीन पदार्थांची ओळख असली तरी पुरे.

गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या तुलनेत साधारण सहापट सहज सरकतात. आपल्या खिशातल्या स्मार्टफोनमध्ये टॉवरकडे लहर फेकणारा जो छोटा ॲम्प्लिफायर असतो, तो बहुधा याचाच असतो. म्हणजे आपण सगळे हा पदार्थ खिशात घेऊन फिरतो. नाव मात्र कोणी ऐकलेले नसते.

इंडियम फॉस्फाइडवर वाढवलेल्या थरांतून नेमका १.३ आणि १.५५ मायक्रोमीटरचा प्रकाश मिळतो, जो फायबरला हवा असतो. डेटा सेंटरमधल्या प्रत्येक फायबरच्या दोन्ही टोकांना बोटाएवढी एक पेटी असते, तिला ट्रान्सीव्हर म्हणतात. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करणे हे तिचे काम. तिच्यातला लेझर बऱ्याचदा याच पदार्थाचा असतो.

गॅलियम नायट्राइड जास्त दाब आणि जास्त उष्णता सोसते. म्हणून ५जीच्या बेस स्टेशनमध्ये, रडारमध्ये आणि आता मोबाईलच्या छोट्या वेगवान चार्जरमध्येही ते वापरतात. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले, ते याच पदार्थावरच्या कामासाठी.

समुद्राखालच्या केबलमध्येही साधारण दर ६०-८० किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा बळ द्यावे लागते. त्यासाठी जो लेझर लागतो तोही गॅलियम आर्सेनाइडच्या पायावर बनतो. वर्सोव्याला पोहोचणारा प्रत्येक संदेश वाटेत असे डझनावारी थांबे पार करून आलेला असतो.

आता तळोज्याच्या टॉवर कंपनीकडे परत या. ही कंपनी संगणकाचे अतिसूक्ष्म मेंदू बनवत नाही. सिलिकॉनमध्ये जर्मेनियम मिसळून केलेली वेगवान सर्किट आणि प्रकाश वाहून नेणारी सिलिकॉन फोटॉनिक्स चिप हे तिचे खास क्षेत्र आहे. फायबरच्या दोन टोकांवरच्या पेटीत लेझरच्या शेजारी जी इलेक्ट्रॉनिक्स असते, त्यात अशा चिप लागतात. पण लेझर स्वतः? तो सिलिकॉन फोटॉनिक्समध्येही इंडियम फॉस्फाइडचाच जोडावा लागतो. म्हणजे तळोजा उद्या उभे राहिले असते, तरी प्रकाशाचा उगम आयातच करावा लागला असता.

देशाचा हिशेब

आपला देश या क्षेत्रात कोराच आहे, असे नाही. हैदराबादला डीआरडीओशी संबंधित गॅलियम आर्सेनाइडचे केंद्र अनेक वर्षे चालते. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने ४ इंची सिलिकॉन कार्बाइडचे वेफर आणि १५० वॅटपर्यंतचे गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर बनवण्याची प्रक्रिया विकसित केल्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. मुंबईतच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे थर वाढवण्याचे संशोधन झाले आहे. पवईच्या आयआयटीत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे. ऐरोलीचा पूल ओलांडला की ती आयआयटी फार दूर नाही.

पण हे सारे प्रयोगशाळेत किंवा संरक्षण खात्याच्या कुंपणाआड राहिले. बाजारात विकला जाणारा माल त्यातून निघाला नाही. चंदीगडजवळ मोहालीला सरकारी चिप कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला होता. १९८९ साली तो आगीत भस्मसात झाला आणि सावरायला वर्षे गेली. तेवढ्या काळात तैवान आणि कोरिया पुढे निघून गेले.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटींची सेमीकंडक्टर योजना आणली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्यात बदल झाला. संयुग अर्धवाहक, सिलिकॉन फोटॉनिक्स, सेन्सर आणि पॅकेजिंगच्या प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ५० टक्के रक्कम केंद्र देईल, असे ठरले. त्यावर राज्य सरकारांच्या सवलती वेगळ्या.

या योजनेतून पुढची यादी उभी राहिली: साणंदला मायक्रॉन, सीजी पॉवर आणि केन्स, ढोलेराला टाटा, आसामात मोरीगावला टाटा, उत्तर प्रदेशात जेवरला एचसीएल-फॉक्सकॉन. १२ ऑगस्ट २०२५ रोजी आणखी चार प्रकल्प मंजूर झाले. त्यात भुवनेश्वरचा सिकसेम हा देशातला पहिला व्यापारी संयुग अर्धवाहक कारखाना आहे. तो सिलिकॉन कार्बाइडची उपकरणे बनवणार आहे. ती विजेच्या गाड्या, रेल्वे, सोलर इन्व्हर्टर यांसाठी उपयोगी आहेत, दूरसंचाराच्या लेझरसाठी नाहीत.

या यादीत महाराष्ट्राचे नाव नाही. देशातली सर्वांत मोठी डेटा सेंटर जिथे दाटीने उभी आहेत, त्या राज्यात प्रकाशाची चिप बनत नाही. ती आपण विकत घेतो, पेटीत खुपसतो आणि चालवतो. मालक कोणी का असेना, ज्ञान बाहेरचे आहे.

माती आपल्या डोंगरातली, धातू चीनचा

या चिपसाठी लागणारे गॅलियम खाणीतून थेट निघत नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना जो द्राव तयार होतो त्यात ते अत्यल्प प्रमाणात असते आणि तिथून वेगळे काढावे लागते. आज जगातले जवळजवळ सगळे प्राथमिक गॅलियम चीनमध्ये तयार होते. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. ३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेला होणारी निर्यात बंदच केली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी वर्षभरासाठी स्थगित झाली. एका देशाच्या व्यापार खात्याने एक कागद काढला आणि जगभरच्या चिप उद्योगाला घाम फुटला.

आता आपल्याकडे बघा. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूच्या पठारांवर बॉक्साइट आहे. सीमाभागात बेळगावला ॲल्युमिनाचा कारखाना १९६९ पासून आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली, त्यात गॅलियम, जर्मेनियम आणि इंडियम तिन्ही आहेत. डोंगर आमचा खोदला जातो, पण त्यातले सर्वांत मौल्यवान द्रव्य वेगळे काढण्याचे तंत्र आपण मोठ्या प्रमाणावर उभे केले नाही. कच्चा माल द्यायचा आणि तयार माल विकत घ्यायचा, ही गोष्ट कापसाच्या काळापासून आपण ऐकत आलो आहोत.

धोका कोणाच्या वाट्याला?

कारखाना आलाच पाहिजे, असे म्हणताना कार्यकर्त्यांनी दुसरी बाजूही अभ्यासली पाहिजे. चिपचा कारखाना बाहेरून रुग्णालयासारखा स्वच्छ दिसतो. आत धुळीचा कण चालत नाही. पण ती स्वच्छता चिपसाठी असते, माणसासाठी असेलच असे नाही.

गॅलियम आर्सेनाइडमधला आर्सेनिक म्हणजे आपला जुना सोमल. हे थर वाढवताना आर्साइन आणि फॉस्फाइन हे अत्यंत विषारी वायू वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली गॅलियम आर्सेनाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आणि इंडियम फॉस्फाइडला तसा संभव असलेल्यांच्या गटात. तयार चिप बंद वेष्टनात असते, त्यामुळे फोन वापरणाऱ्याला भीती नाही. धोका असतो तो वेफर कापणाऱ्या, घासणाऱ्या, भट्टी साफ करणाऱ्या आणि टाकाऊ पाणी हाताळणाऱ्या कामगाराला.

दक्षिण कोरियात सॅमसंगच्या चिप कारखान्यात काम करणारी ह्वांग यू-मी ही मुलगी २००७ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. ती अवघ्या २२ वर्षांची होती. तिचे वडील टॅक्सी चालवायचे. कंपनीने आजाराचा आणि कामाचा संबंध मानला नाही, तेव्हा ते बसले नाहीत. त्यांनी आणि बानोलिम या कामगार हक्क गटाने ११ वर्षे लढा दिला. एकामागून एक कामगार पुढे आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सॅमसंगने जाहीर माफी मागितली आणि भरपाई मान्य केली. तो कारखाना सिलिकॉनचा होता. पण कोणत्या खोलीत कोणते रसायन वापरले, हे सांगायला व्यापारी गुपिताच्या नावाखाली कंपनी वर्षानुवर्षे तयार नव्हती, हा धडा सगळ्यांसाठी सारखाच आहे.

तळोज्याचा इतिहास तर आपल्या डोळ्यादेखतचा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथे निळ्या रंगाची कुत्री रस्त्यावर फिरताना दिसली. कासाडी नदीच्या पाण्यात एका कारखान्याचा रंग मिसळला होता. फोटो जगभर पोहोचले, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्यावर कारवाई केली. त्याआधी नदीकाठचे मच्छीमार आणि ग्रामस्थ कित्येक वर्षे ओरडत होते, तेव्हा कोणी ऐकले नव्हते.

चिप कारखान्याला अतिशुद्ध पाणी प्रचंड लागते आणि फ्लोराइड, आम्ले, आर्सेनिकयुक्त सांडपाणी निघते. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या अनेक प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळते. त्यामुळे सांडपाणी कुठे जाणार, हे विचारायची जागाच लोकांना मिळत नाही. सिडकोसाठी ९५ गावांची जमीन गेली, तेव्हा त्या गावांतल्या भूमिहीनांना, ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांना, काय मिळाले, हे आपल्या वाडवडिलांना विचारा. नुकसान भरपाई जमिनीच्या मालकाला मिळते, प्रदूषण मात्र सगळ्यांना सारखे वाटले जाते. किंबहुना वस्ती नाल्याच्या जितकी जवळ, तितके जास्त.

शिक्षण कोणाला?

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात एक मुद्दा ठामपणे मांडला होता. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे साधणार नाही. उच्च दर्जाचे विज्ञान आणि तंत्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि ते या समाजाच्या खिशाबाहेरचे असल्याने त्याचा खर्च सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना तंत्रशिक्षणासाठी परदेशी पाठवण्याची वाट खुली झाली. त्या काळी बाबासाहेबांकडे श्रम खात्याबरोबर सिंचन आणि वीज हे विषयही होते. नवे तंत्रज्ञान आले की त्याच्या पहिल्याच फेरीत आपली माणसे शिकलेली असली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. उशिरा पोहोचणाऱ्याच्या वाट्याला हमाली येते.

आज नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आपली मुले आहेत. सुरक्षा रक्षक, हाउसकीपिंग, केबल ओढणे, एसीची देखभाल, तीही बहुतेक कंत्राटदारामार्फत. या कामात कमीपणा काहीच नाही. पण त्याच इमारतीत ट्रान्सीव्हर तपासणारा, नेटवर्क आखणारा, फायबरचा दोष शोधणारा माणूसही असतो आणि तिथे आपण कमी दिसतो. डेटा सेंटर जागा आणि वीज भरपूर घेते, कायम नोकऱ्या थोड्या देते. त्या थोड्या नोकऱ्यांतल्या शिकलेल्या जागा हव्या असतील तर तयारी आधीच करावी लागेल.

वाटा कोणत्या आहेत? बऱ्याच आहेत, आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत एवढेच.

तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये व्हीएलएसआयची बी.टेक. पदवी आणि चिप निर्मितीची पदविका, अशा दोन्हींचे नमुना अभ्यासक्रम आणले. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही पदविका महत्त्वाची आहे, कारण चिप कारखान्यात सर्वांत जास्त गरज तंत्रज्ञांची असते, पीएचडीधारकांची नसते. आपल्या जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये ती सुरू झाली आहे का, नसेल तर का नाही, हे प्राचार्यांना आणि तंत्रशिक्षण संचालनालयाला विचारले पाहिजे.

केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात ८५ हजार अभियंते तयार करण्याचे लक्ष्य आहे. सहभागी कॉलेजांना चिप आराखड्याचे महागडे सॉफ्टवेअर त्यातून मिळते. आयआयटी मुंबईसह सहा संस्थांमध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रम चालतो. त्यात इतर कॉलेजांतले विद्यार्थी आणि शिक्षक तिथल्या स्वच्छ कक्षात प्रत्यक्ष हात बसवू शकतात. ऐरोली किंवा खारघरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला पवईचे दार त्यातून उघडू शकते. तिच्या प्राध्यापकांनी अर्ज केला पाहिजे, म्हणून तिने त्यांच्या मागे लागले पाहिजे.

सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि बार्टीची पीएचडी फेलोशिप आहेच. फेलोशिप वेळेवर मिळावी म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी आझाद मैदानावर ठाण मांडले, ते योग्यच होते. त्याच्या जोडीला फोटॉनिक्स, आरएफ, पदार्थविज्ञान या विषयांतले अर्ज आपल्यातून का वाढत नाहीत, याचाही विचार व्हावा. इतिहास आणि समाजशास्त्र कोणी सोडा, असे म्हणायचे नाही. प्रयोगशाळेतही आपली खुर्ची हवी, एवढेच म्हणणे आहे.

आणि एक कायदा, जो फार थोड्या कार्यकर्त्यांना माहीत असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम ३-क नुसार ठरवलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. हा कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात आणि त्यात कंत्राटी माणसेही मोजली जातात. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे, ही मागणी आपण करतच राहू. पण शिकण्याच्या जागांचे आरक्षण कागदावर आधीच आहे. टीटीसी आणि तळोज्यातल्या किती कंपन्या ते पाळतात, याची माहिती अधिकारात यादी मागवायला कोणाची हरकत आहे?

पुढची घोषणा येईल तेव्हा

ती येणारच. डेटा सेंटर वाढत आहेत, एआयमुळे फायबरवरचा भार वाढतो आहे आणि प्रकाशाच्या चिपची मागणीही. महापे, तळोजा किंवा आणखी कुठे, पुन्हा मोठा आकडा जाहीर होईल. त्या दिवशी टाळ्या वाजवण्याआधी किंवा निषेधाचा फलक उचलण्याआधी चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला, इथे नेमके काय होणार? वेफरवर चिप घडणार, की बाहेरून आलेली चिप फक्त वेष्टनात बसवणार? दोन्ही कामे उपयोगाची आहेत, पण दोन्हींतले शिक्षण, पगार आणि धोके वेगळे आहेत.

दुसरा, सार्वजनिक पैसा किती? भांडवलाचा निम्मा खर्च केंद्र देणार आणि राज्य जमीन, वीज, करात सवलत देणार असेल, तर तो कारखाना निव्वळ खासगी राहत नाही. प्रोत्साहने घेणाऱ्या उद्योगांनी एकूण ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत, असे राज्याचेच शासन निर्णय आहेत. त्यात सफाई आणि सुरक्षेची कंत्राटे मोजून आकडा भरला जातो का, हे तपासले पाहिजे.

तिसरा, कारखान्याची वीट रचण्याआधी प्रशिक्षण सुरू होणार का? तंत्रज्ञ घडायला तीन वर्षे लागतात. घोषणेच्या दिवशीच जवळच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकशी करार, राखीव जागा आणि शिकाऊ भत्ता जाहीर झाला नाही, तर उद्घाटनाच्या दिवशी बाहेरून माणसे आणावी लागतील आणि "स्थानिक पात्र नाहीत" हे ठरलेले वाक्य ऐकावे लागेल.

चौथा, कोणती रसायने, किती पाणी, सांडपाणी कुठे? ही यादी मराठीत, कामगारांना आणि शेजारच्या गावांना मिळाली पाहिजे. आरोग्य तपासणीची नोंद कंत्राटी कामगाराचीही ठेवली पाहिजे आणि त्याने नोकरी सोडल्यावरही ती त्याला मिळाली पाहिजे. कोरियातल्या त्या टॅक्सीचालक बापाला माफी आणि भरपाई मिळवायला अकरा वर्षे झगडावे लागले.

हे प्रश्न विचारायला अभ्यास लागतो. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका चालतात. एमपीएससीच्या टेबलाशेजारी एक टेबल इलेक्ट्रॉनिक्सचे लागायला काय हरकत आहे? नोकरी करणारे आपले अभियंते रविवारी दोन तास देऊ शकतात. तिथे पदविकेच्या मुलींना ट्रान्झिस्टर समजावता येईल, शिकाऊ उमेदवारीचे अर्ज भरता येतील आणि माहिती अधिकाराचे अर्जही तिथेच लिहिता येतील.

नवी मुंबईच्या रस्त्याखालून प्रकाश धावतो आहे. चर खणून त्या केबल पुरणारे हात आपल्यातलेच आहेत. त्या केबलच्या टोकाला बसणारी चिप घडवणारे, तपासणारे आणि तिच्या विषारी पाण्याचा जाब विचारणारेही आपल्यातूनच तयार झाले पाहिजेत. त्याची सुरुवात कारखान्याची वाट न पाहता करता येते. शिकाऊ उमेदवारांच्या यादीसाठी माहिती अधिकाराचा पहिला अर्ज या महिन्यातच जाऊ द्या.